विहीणबाईंच्या भाषेतली हार

खोटं कशाला बोलू, मला माझ्या विहीणबाईंचा हेवा वाटतो. वरवरचा नाय, चांगला पोटात दुखेल असा. त्या हाँगकाँगला राहतात, मी रोह्याला. मुलगा नोकरीसाठी तिकडे गेला, तिथलीच मुलगी पसंत केली, आम्ही नवराबायको जाऊन अक्षता टाकून आलो. सुनेबद्दल माझी काडीची तक्रार नाय. पण नात झाली आणि ती वाढली तिच्या पो पोच्या मांडीवर. पो पो म्हणजे त्यांच्या कँटोनीज भाषेत आईची आई. आणि मी कोण, तर दर रविवारी फोनच्या काचेत दिसणारी एक बाई.

रविवारी फोन लागला की तिकडे हमखास खेळ चाललेला असायचा. चित्रांचे पत्ते, जोडी जुळली की पहिला हात मारेल त्याचे पत्ते. विहीणबाई हरायच्या. हरायच्या म्हणजे काय, दोन्ही हात वर करून सोफ्यावर उताण्या पडायच्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडायच्या. त्यावर माझी नात उचकी लागेपर्यंत हसायची. मग मुलगा तिला धरून फोनसमोर आणायचा. "आजीला हाय कर." की हिचं "हाय आजी, बाय आजी" एका श्वासात, आणि पळाली परत पो पोकडे. मी इकडे नवी साडी नेसून, केस नीट करून बसलेली असायची. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा मी मुलाला विचारलं, "त्या ओरडतात काय रे?"

"हरले म्हणते. शरण आले म्हणते. रोज वेगळं काहीतरी."

"रोज हरतात? एवढ्याशा पोरीकडून?"

"मुद्दाम हरते गं आई."

आता मुद्दाम हरणं हे माझ्या रक्तात नाय. धाटावच्या कंपन्यांमधल्या एकट्या पोरांसाठी मी वीसेक वर्षं खानावळ चालवली. पहिल्या शिफ्टचे डबे, रात्रपाळीवरून येणाऱ्यांचं गरम जेवण, गॅस संपो, बाई न येवो, माझं ताट कधी उशिरा पडलं नाय. तिथे हात टेकून बसले असते तर पोरं उपाशी राहिली असती. कॅरममध्ये मुलालासुद्धा मी कधी सोडलं नाय. रडून लाल व्हायचा, पण राणी मीच घ्यायची. ह्यांचं म्हणणं, "अगो, त्या हरून पोरीला घेऊन गेल्या आणि तू जिंकून बसलीस." ह्यांना कधी काय बोलावं कळत नाय.

मग यंदा उन्हाळ्यात मुलाने बातमी दिली. सुनेला कंपनी प्रशिक्षणासाठी तीन महिने बाहेर पाठवणार होती. मुलाची नोकरी फिरतीची. पोरीला कुणा एका आजीकडे ठेवायला हवं होतं. गणपतीला सगळे येणार, विहीणबाईसुद्धा. मुलगा म्हणाला, "रमली तुझ्याकडे, तर दिवाळीपर्यंत राहील. नाय रमली, तर पो पोबरोबर परत जाईल. तिच्यावर जबरदस्ती नको." वर हळूच म्हणाला, "पो पो एकटीच असते गं घरात." विहीणबाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, हे मला ठाऊक होतं. पण एकट्या हायत म्हणून काय नात कायमची देऊन टाकायची? मी तसं म्हटलं नाय. पण मनात पक्कं केलं, की ही पोर माझ्याकडे राहणार.

आणि मी कँटोनीज शिकायला घेतलं. सुनेला सांगितलं, मला नमस्कार, जेवलात का वगैरे नको. मला हरल्याचे शब्द पाठव. तिला वाटलं, नातीबरोबर खेळायला हवेत. ते खरंच होतं. पण त्याच्याखाली दुसरंही एक होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाय. विहीणबाई माझ्यापुढे खऱ्याखुऱ्या हरतील, ती वेळ येईल, आणि तेव्हा त्या काय बोलल्या ते मला कळायला हवं होतं.

सुनेने आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. पहिला शब्द आला 'थाउ होंग'. दोन्ही हात वर करून शरण येणं, विहीणबाईंचं सोफ्यावरचं. मग 'यिंग श्यू', हार कबूल. 'मोउ कै' म्हणजे आता इलाज नाय, आपण हात टेकले म्हणतो तसं. 'तिंग म सॉन' म्हणजे सोसवत नाय आता. हे उन्हाला म्हणा, गर्दीला म्हणा, सासूला म्हणा, कुठेही चालतं म्हणे. 'फुक साय' म्हणजे मानलं बुवा तुम्हाला. मला आपलं वाटलं होतं हरण्याला एखादा शब्द असेल. यांच्याकडे तर बाजार भरलेला!

सगळ्यांत शेवटी तिने 'स्युन ला' पाठवला. त्याचा अर्थ सांगताना ती अडखळली. तिचं मराठी तोडकंमोडकं, पण शब्द शोधून बोलते. "जाऊ दे," ती म्हणाली. "पण आई, हे खेळात नाही. हे मोठ्याने नाही बोलत. स्वतःलाच बोलतात."

मी तो शब्द बाजूला ठेवला. जो मोठ्याने बोलायचाच नाय त्याचा मला काय उपयोग?

बाकीचे मात्र घोकले. वाल सोलताना, ओटा पुसताना. त्या भाषेत एकच अक्षर वर चढवलं तर एक आणि खाली सोडलं तर भलतंच. माझा सगळा जन्म एका पट्टीत ओरडण्यात गेलेला. ह्यांनी एकदा दुपारी झोपेतून उठून विचारलं, "अगो, भोंगा कसला झाला कंपनीचा?" पेणला भावाकडे जाताना एसटीत मी 'थाउ होंग, थाउ होंग' करत बसले, तर शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली. गेली तर गेली. मला तेवढाच खिडकीचा वारा आला.

मी विचार करायची, आपल्याकडे हे शब्द कमी हायत काय? हरले, शरण आले, टेकीला आले, हात टेकले, दमले गो बाय. सगळे येतात मला. पण यातला एकही मी कुणासमोर मनापासून म्हटलेला मला आठवेना. परक्या भाषेत म्हणायला मात्र जीभ तयार होती.

गणपतीच्या आधी ते सगळे आले. विहीणबाई बुटक्या, टापटीप, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. मला वाकून नमस्कार केला, आणि नात त्यांच्या कमरेला अशी चिकटलेली की मी तिला घ्यायला हात पुढे केले ते तसेच राहिले. मी आणलेली छोटी ताटवाटी तिने बघितली नाय. छोटी चादर, त्यावर हत्ती, तीही बघितली नाय. त्यांच्याच कुशीत झोपली.

दुसऱ्या दिवशी मूर्ती आणायला आम्ही पेणला गेलो. माझा भाऊ तिथे गणपती घडवतो, तेच माझं माहेर. कारखान्यात भाऊ आखणी करत बसला होता, म्हणजे मूर्तीचे डोळे. ते काम चालू असताना आमच्या घरात कुणी शिंकतसुद्धा नाय. लहानपणापासून ते बघत आलेली मी, मला त्याचं काय? मी आपली नातीला उचलायची संधी शोधत होते. पण ती एवढ्या सगळ्या सोंडा बघून घाबरली आणि पो पोच्या गळ्यात शिरली. विहीणबाई मात्र तिला तशीच कडेवर घेऊन, श्वास रोखून बघत राहिल्या. भावाने कुंचला खाली ठेवला तशा हळूच म्हणाल्या, "फुक साय."

मला कळलं! पहिल्यांदा समोरासमोर बोललेला त्यांचा शब्द मला कळला. आणि आनंद व्हायचा सोडून आणखीच जळफळाट झाला. सुनेने अर्थ सांगितल्यावर माझा भाऊ असा फुलला की विचारू नका. साठीचा माणूस, लाजला! इतकी वर्षं मी त्याच्या कारखान्यात जाऊन काय बोलायची? "सोंड जरा जाड झाली रे." आणि ही बाई काल आली, दोन अक्षरं बोलली, माझा भाऊ खिशात घातला. नात आधीच खिशात होती.

चतुर्थीच्या जेवणाला मी ठरवलंच. माझं राज्य कुठलं, तर वाढणं. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, वरणभात, आणि उकडीचे मोदक, तूप वरून सोडलेलं. विहीणबाईंना मानाच्या पाटावर बसवलं. मुलगा भराभर जेवून शेजारच्या आरतीला गेला, हे जेवून लवंडले, सून आत पोरीला निजवत होती. समोर त्या, आणि वाढायला मी.

आता आमच्याकडची रीत सांगते. पाहुणा "पुरे" म्हणतो, त्याला आम्ही काही अर्थ देत नाय. पुरे म्हणणं हा त्याचा धर्म, वाढणं हा आपला. खरोखरच नको असलं की माणूस ताटावर हात आडवा धरतो. हात आला की वाढप्याने थांबायचं. माझ्या खानावळीतली पोरंसुद्धा हे पहिल्या आठवड्यात शिकायची, मग ती कुठल्याही मुलखातली असोत.

विहीणबाईंना सुनेने 'पुरे' शिकवलं होतं. हात शिकवायला विसरली. तिचंही बरोबर, हात आडवा धरणं शिकवावं लागतं असं कुणाच्या ध्यानातच येत नाय. विहीणबाई "पुरे" म्हणाल्या, मी मोदक ठेवला. त्यांनी खाल्ला. त्यांच्याकडे म्हणे यजमानाने वाढलेलं टाकणं वाईट दिसतं. परत "पुरे", परत मोदक, वर तूप. हात दोन्ही मांडीवर, सभ्यपणे ठेवलेले. कपाळावर घाम आला, तरी हसतायत. मी चेहरा बघत होते, मला दिसत नव्हतं असं नाय. पण मी वाट बघत होते. म्हण गो बाय, एकदा म्हण. थाउ होंग म्हण, तिंग म सॉन म्हण, तुझ्या भाषेत म्हण, मला कळतं! त्या म्हणाल्या नाय. मी थांबले नाय.

संध्याकाळी त्या आजारी पडल्या. उलट्या, पोटात कळा, चेहरा पांढराफटक. डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले, म्हणाले, जड झालंय, दोन दिवस हलकं द्या. नात दारात उभी राहून रडत होती. मी जवळ गेले तशी ती मागे सरली आणि तिने बोट दाखवून तिच्या आईला काहीतरी सांगितलं. सुनेने तिला जवळ घेतलं. मी म्हटलं, "सांग ना, काय म्हणते?"

"म्हणते, आजीने पो पोला खूप खायला दिलं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. पोर आता कसली राहते माझ्याकडे? आणि या वेळी दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि पेज टाकली. आजारी माणसाला आपण दुसरं काय देतो? जुने तांदूळ, भरपूर पाणी, चिमूटभर मीठ, हळूहळू शिजू दिली. वाटी घेऊन विहीणबाईंच्या उशाशी बसले. त्यांनी वाटीत बघितलं, वास घेतला आणि उठून बसल्या. "जुक!" नात धावत आली, वाटीत डोकावली आणि तीही म्हणाली, "जुक!" सुनेने सांगितलं, त्यांच्याकडे आजारी माणसाला हेच देतात. मी चमचा पुढे केला. विहीणबाईंनी माझ्या हातून पेज खाल्ली, डोळे मिटून. नातीने आ केला, तिलाही एक चमचा भरवला. वाटी अर्धी झाली तशी सुनेने आपल्या आईचा हात धरला आणि वाटीवर आडवा ठेवून दाखवला. त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, मग मला मराठीत म्हणाली, "आई, मी सांगितलं, असं केलं की थांबतात." मी थांबले. त्यानंतर दर जेवणाला विहीणबाईंचा हात ताटावर असा चटकन यायचा, की हे हसून म्हणायचे, "पोलिसासारखा आला बघ."

विहीणबाई दोन दिवस झोपून होत्या. पोरीला खेळायला कुणी नव्हतं. ती पत्त्यांचा गठ्ठा घेऊन घरभर फिरली, शेवटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आम्ही ओटीवर बसलो. पहिली जोडी जुळली, माझा हात सवयीने वर गेला, आणि मी तो तिथेच अडवला. तिचा एवढासा पंजा आधी पडला. मग मी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हात वर केले, भिंतीला पाठ टेकून आडवी झाले आणि ओरडले, "थाउ होंग!"

सूर साफ चुकला होता. पोर माझ्याकडे बघत राहिली, आणि जी हसत सुटली! उचकी लागेपर्यंत. मग माझे गाल दोन्ही हातांनी धरून तिने मला तो शब्द नीट म्हणायला लावला. मी म्हटला. परत चुकला. परत हसली. दुपारभर मी हरले. यिंग श्यू म्हणून हरले, मोउ कै म्हणून हरले. कंबर धरली, पण उठले नाय. त्या दुपारी ती हत्तीच्या चादरीवर झोपली, तिचा पाय माझ्या पोटावर.

मान वर केली तर विहीणबाई दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तो चेहरा दर रविवारी फोन ठेवल्यावर मी आरशात बघितलेला होता. खरं सांगू? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

गौरी-गणपती गेले. तोपर्यंत पोर माझ्या मागे मागे, "आजी पाणी, आजी ये, आजी नको". मुलगा म्हणाला, "रमली गं. राहू दे तुझ्याकडे." मी जिंकले होते.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी फाटकाशी आली. मुलगा आणि ह्यांची बॅगा बांधायची गडबड, सून आत काहीतरी विसरलेलं शोधत होती. विहीणबाई आपली छोटी बॅग खांद्याला लावून अंगणात नातीसमोर उकिडव्या बसल्या. तिची पिन सारखी केली, फ्रॉक सारखा केला, काहीबाही बोलल्या. पोरीचं लक्ष पत्त्यांकडे. तिने त्यांच्या गालाला गाल लावला, "बाय पो पो" म्हणाली, आणि पळाली ओटीवर.

एका श्वासात. फोनवर मला करायची, अगदी तशीच.

विहीणबाई तशाच बसून राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, तोंड जास्वंदीच्या कुंपणाकडे केलं आणि अगदी हळू, कुणाला नाय, स्वतःलाच म्हणाल्या, "स्युन ला."

कुणी ऐकलं नाय. मी ऐकलं. जाऊ दे, मी बाजूला ठेवलेला तोच शब्द. ज्याच्यासाठी मी उन्हाळाभर घोकत बसले होते ते हेच. विहीणबाई माझ्यापुढे हरल्या होत्या, खऱ्याखुऱ्या, आणि मला शब्दन् शब्द कळला होता. वाटलं होतं, तेव्हा कसं गार वाटेल. कसलं गार! त्यांचं ते रिकामं घर डोळ्यांपुढे आलं, तो सोफा, आणि तिथे कुणापुढे हरणार ही बाई?

एवढे शब्द शिकले होते, त्यातला एक तोंडातून फुटेना. मी सरळ पुढे गेले आणि त्यांच्या खांद्यावरच्या बॅगेला हात घातला.

"विहीणबाई, नाय जायचं."

मुलगा बॅगा सोडून बघायला लागला. "आई, अगं तिकीट..."

"बदल तिकीट. दिवाळीला जातील."

सून दारात येऊन उभी होती. तिने भरभर काहीतरी सांगितलं. विहीणबाईंनी मान हलवली, नाय नाय केली, डोळे पुसले आणि त्यांना येत होता तेवढा एक शब्द म्हणाल्या, "पुरे, पुरे."

आणि मला हेवा वाटलाच, त्या क्षणीसुद्धा. ही बाई आता माझ्या ओट्याशी उभी राहणार, माझी पोर रोज तिच्याबरोबरही हसणार, मला रोज ऐकावं लागणार. तरी मी बॅग ओढली. पट्टा त्यांच्या खांद्यावरून सुटला. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात खालीच होते. आडवा एकही आला नाय.